अपवादावर सही कोणाची? : आयर्लंड, भारत आणि गर्भपाताचे कायदे



आजचा विषय गर्भपाताच्या कायद्यांचा इतिहास. तो जगभर पसरलेला आहे आणि एका व्याख्यानात सगळं जग फिरून येण्यात अर्थ नाही. म्हणून आपण दोनच देश घेऊ, आयर्लंड आणि भारत. ही जोडी काहींना विचित्र वाटेल. पण या दोन्ही देशांना या बाबतीतला मूळ कायदा एकाच साम्राज्याने दिला, तोही जेमतेम एका वर्षाच्या अंतराने. भारतीय दंडविधान १८६० चं. इंग्लंड आणि आयर्लंडसाठी केलेला, माणसाच्या शरीराविरुद्धच्या गुन्ह्यांचा कायदा १८६१ चा. पुढे या दोन भावंडांच्या वाटा पार वेगळ्या झाल्या आणि २०१२ साली एका बेळगावच्या मुलीच्या मृत्यूपाशी त्या एकमेकींना भेटल्या. तिथवर आपल्याला जायचं आहे.

सुरुवातीलाच आमचं म्हणणं सांगून टाकतो. या कायद्यांचा इतिहास आपण बंदीचा इतिहास म्हणून वाचतो. आम्हाला तो अपवादांचा इतिहास वाटतो. बंदी बहुतेक ठिकाणी सारखीच असते. फरक पडतो तो अपवादात, आणि अपवादाच्या मजकुरापेक्षाही दोन साध्या प्रश्नांत. अपवाद लागू होतो हे ठरवायचं कोणी? आणि ते ठरेपर्यंत बाईने थांबायचं किती?

आधी मुळाकडे जाऊ. इंग्लंडच्या जुन्या रूढ कायद्यात एक सीमारेषा होती, पोटात बाळ फिरू लागण्याची. ते कळायचं कोणाला? त्या बाईलाच. ना यंत्र होतं, ना तपासणी. म्हणजे कायद्याची सगळ्यात महत्त्वाची रेघ तिच्याच सांगण्यावर अवलंबून होती. १८०३ साली इंग्लंडमध्ये पहिल्यांदा लेखी कायदा झाला. त्यात बाळ फिरू लागल्यानंतरच्या गर्भपाताला देहदंड होता आणि त्याआधीच्या गर्भपाताला त्याहून कमी शिक्षा. १८३७ मध्ये हा फरकच काढून टाकला. १८६१ च्या कायद्याने शिक्षा ठेवली ती जन्मठेपेपर्यंतची, आणि औषध देणाऱ्याबरोबर स्वतः ती बाईही गुन्हेगार ठरली. आईचा जीव वाचवण्यासाठी असा स्पष्ट अपवाद त्या कलमात नव्हता. होता फक्त 'बेकायदेशीरपणे' हा एक शब्द. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

भारतातलं कलम ३१२ त्या मानाने मवाळ होतं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. बाळ फिरू लागलं असेल तर सात वर्षांपर्यंत. म्हणजे इंग्लंडने टाकून दिलेला जुना फरक इथे टिकला. आणि बाईचा जीव वाचवण्यासाठी सद्भावनेने केलेला गर्भपात गुन्हा नाही, हेही सरळ लिहिलेलं होतं. पण स्वतःचा गर्भ स्वतः पाडणारी बाईसुद्धा या कलमाखाली येते, असं स्पष्टीकरण खाली जोडलेलं होतं.

हा कायदा लागू झाला तेव्हा महाराष्ट्रात तो कोणाच्या अंगावर आला असेल, याचा विचार करा. लहानपणी लग्न, लहानपणीच वैधव्य, पुनर्विवाह १८५६ च्या कायद्याने शक्य पण समाजात अशक्य. घरातल्याच कोणी फसवलं किंवा जबरदस्ती केली आणि दिवस गेले, तर त्या विधवेपुढे वाटा तीन. गर्भ पाडायचा, मूल जन्मल्यावर मारायचं, नाहीतर स्वतः विहीर जवळ करायची. दंडविधान लागू झालं १८६२ च्या १ जानेवारीला आणि १८६३ साली जोतीराव फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. गुपचूप या, सुखरूप बाळंत व्हा, मूल न्या किंवा इथे ठेवून जा, असा तो प्रकार होता. तिथेच बाळंत झालेल्या काशीबाईचा मुलगा यशवंत जोतीराव-सावित्रीबाईंनी दत्तक घेतला. जोतीरावांनी कायद्याशी वाद घातला नाही. त्यांनी कायद्याने न विचारलेला प्रश्न विचारला, ही बाई या वाटेवर आली कशी?

पुढे १८८१ साली सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, ती नंतर कमी करण्यात आली. वर्तमानपत्रांत बायकांच्या नीतीवर रकानेच्या रकाने भरले. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी त्याला उत्तर म्हणून १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिलं. खटला अर्भकहत्येचा होता, गर्भपाताचा नव्हता. पण मुद्दा तोच होता. गुन्ह्याच्या कागदावर नाव एकटीचं का?

आता इंग्लंडकडे परत जाऊ, साल १९३८. लंडनमध्ये सैनिकांच्या बलात्काराला बळी पडलेली एक चौदा वर्षांची मुलगी गरोदर राहिली. ॲलेक बॉर्न नावाच्या नामवंत स्त्रीरोगतज्ज्ञाने तिचा गर्भपात केला आणि ते स्वतःच पोलिसांना सांगितलं. खटला चालला. तिथे तो 'बेकायदेशीरपणे' शब्द कामी आला. न्यायमूर्ती मॅकनॉटन यांनी ज्युरीला सांगितलं, की काही गर्भपात बेकायदा आहेत याचा अर्थच काही कायदेशीर आहेत. जीव वाचवणं म्हणजे बाई मरणाच्या दारात पोचेपर्यंत डॉक्टरने हातावर हात ठेवून बसणं नव्हे. तिचं शरीर किंवा मन उद्ध्वस्त होणार असेल, तर तेही जीव वाचवण्यातच येतं. बॉर्न निर्दोष सुटले.

या निकालाने दार उघडलं, पण किल्ली डॉक्टरच्या हातात दिली. १९६७ च्या ब्रिटिश कायद्याने तेच पक्कं केलं. दोन डॉक्टरांनी सद्भावनेने मत द्यावं, मग गर्भपात कायदेशीर. १८६१ चा कायदा रद्द झाला नाही, त्याला फक्त बगल दिली गेली. गंमत अशी, की स्वतः बॉर्न तोवर या सैल होत चाललेल्या कायद्याच्या विरोधात गेले होते. त्यांना दार किलकिलं हवं होतं, सताड उघडं नको होतं.

आयर्लंड १९२२ साली स्वतंत्र झालं. ब्रिटिशांचं पुष्कळ काही टाकलं, पण १८६१ चा कायदा तसाच ठेवला. बॉर्न खटल्याचा निकाल तिथल्या न्यायालयांनी कधी आपलासा केला नाही आणि १९६७ चा कायदा तिथे लागू होण्याचा प्रश्नच नव्हता. मग १९८३ साली राज्यघटना बदलण्याची गरज का पडली? गर्भपात तर गुन्हाच होता. याचं उत्तर १९७३ मध्ये आहे. त्या वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणाच्या हक्काच्या आधारे गर्भपाताला मोकळीक दिली. त्याच वर्षी आयर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने विवाहित जोडप्याच्या खासगीपणाचा हक्क मान्य केला, तोही संततिनियमनाच्या साधनांच्या खटल्यात. आज साधनं, उद्या गर्भपात, अशी धास्ती कॅथलिक संघटनांना वाटली. न्यायाधीशांच्या हाती हा विषय जाऊच नये म्हणून तो घटनेतच बंद करायचा, असं ठरलं.

७ सप्टेंबर १९८३ ला सार्वमत झालं. जवळजवळ ६७ टक्के मतांनी आठवी घटनादुरुस्ती मंजूर झाली. तिचा आशय असा, की न जन्मलेल्या जिवाला जगण्याचा हक्क आहे आणि आईच्या जगण्याच्या हक्काशी तो समान आहे. हे शब्द संदिग्ध आहेत, पुढे घोळ होईल, असा इशारा खुद्द सरकारचे महाधिवक्ते पीटर सदरलँड यांनी दिला होता. या दोन तृतीयांश लोकांना आपण खलनायक समजू नये. त्यांच्या दृष्टीने प्रश्न एका असहाय जिवाच्या रक्षणाचा होता, आणि 'समान' हा शब्द ऐकायला न्यायाचाच वाटतो. पण एकाच शरीरात दोन समान हक्क आणि त्यांच्यात संघर्ष, तर डॉक्टरने करायचं काय? याचं उत्तर त्या कलमात नव्हतं.

प्रत्यक्षात काय झालं? गर्भपात थांबले नाहीत, ते बोटीत बसून इंग्लंडला गेले. १९८० ते २०१६ या काळात दीड लाखाहून अधिक बायकांनी इंग्लंड-वेल्समधल्या दवाखान्यांत आपला पत्ता आयर्लंडचा दिला. ज्यांच्याकडे तिकिटाचे पैसे नव्हते किंवा देशाबाहेर जायची मुभा नव्हती, त्या मागे राहिल्या. १९९२ मध्ये चौदा वर्षांची एक बलात्कारित मुलगी आईवडिलांबरोबर इंग्लंडला गेली, तेव्हा महाधिवक्त्यांनी न्यायालयाचा मनाई हुकूम आणून तिला परत यायला लावलं. मुलगी आत्महत्येच्या विचारात होती. सर्वोच्च न्यायालयाने मनाई उठवली आणि सांगितलं, की आईच्या जिवाला खराखुरा आणि मोठा धोका असेल, त्यात आत्महत्येचा धोकाही आला, तर गर्भपात कायदेशीर आहे. म्हणजे अपवाद मिळाला. पण 'खराखुरा आणि मोठा धोका' कधी सुरू होतो, हे ठरवायचा कायदा करायला संसदेने पुढची वीसएक वर्षं घेतली. त्यात दर वेळी नुकसान कोणाचं होत होतं? निवडणुकीत कोणाचंच नाही. नुकसान वॉर्डात होत होतं.

आता २०१२. सविता हलप्पनवार. वय ३१, व्यवसायाने दंतवैद्य, आईवडील बेळगावात. नवऱ्याबरोबर आयर्लंडच्या गॉलवे शहरात राहत होती. १७ आठवड्यांची गरोदर. २१ ऑक्टोबरला कंबरदुखीची तक्रार घेऊन ती तिथल्या विद्यापीठ रुग्णालयात दाखल झाली. गर्भ टिकणार नाही, हे डॉक्टरांना कळलं होतं. त्याच रात्री गर्भाभोवतीचं पाणी गेलं. गर्भपात अटळ आहे तर तो लवकर करून मोकळं करा, अशी विनंती तिने केली. पण गर्भाच्या हृदयाचे ठोके चालू होते आणि तिच्या जिवाला अजून 'मोठा धोका' दिसत नव्हता. नकार मिळाला. हा कॅथलिक देश आहे, अशा अर्थाचं आपण तिला म्हटल्याचं तिथल्या एका सुईणीने पुढे चौकशीत मान्य केलं. २४ तारखेला जंतुसंसर्ग रक्तात पसरल्याचं निदान झालं. त्या दिवशी गर्भ आपोआप पडला. २८ ऑक्टोबरला सविता गेली.

चौकशांमध्ये दोन गोष्टी पुढे आल्या आणि दोन्ही सांगायला हव्यात. एक, रुग्णालयाची देखरेख कमी पडली. नाडी-तापमानाच्या नोंदी, रक्ततपासणीचे अहवाल यांकडे वेळेत लक्ष गेलं नाही. दुसरी गोष्ट एका ज्येष्ठ प्रसूतितज्ज्ञाने साक्षीत सांगितली. पहिल्या एक-दोन दिवसांत गर्भपात केला असता तर ती बहुधा वाचली असती, पण तेव्हा कायदा परवानगी देत नव्हता. कायदा परवानगी देईल इतकी ती आजारी झाली, तोवर उशीर झाला होता.

हे वाक्य नीट ऐका. अपवाद होता. डॉक्टर होते. तिची इच्छा स्पष्ट होती. मधे होता तो फक्त वेळ. १९३८ मध्ये मॅकनॉटन जे म्हणाले होते, की मरणाच्या दारापर्यंत थांबायची गरज नाही, नेमकं तेच ७४ वर्षांनी तिथे घडलं.

त्यानंतर २०१३ मध्ये आयर्लंडने कायदा केला, पण अपवाद तेवढाच अरुंद ठेवला. खरा बदल आला तो नागरिकसभेतून. २०१६ मध्ये ९९ सामान्य नागरिक निवडले, निवडणुकीने नव्हे, समाजाचा नमुना म्हणून. न्यायमूर्ती मेरी लाफॉय अध्यक्ष. काही महिने शनिवार-रविवार बसून त्यांनी डॉक्टर, वकील, दोन्ही बाजूंचे कार्यकर्ते आणि स्वतः या अनुभवातून गेलेल्या बायका यांचं म्हणणं ऐकलं. संसदेतल्या कोणत्याही पक्षाला झेपला नसता इतका मोकळा कायदा त्यांनी सुचवला. २५ मे २०१८ ला सार्वमत झालं आणि ६६.४ टक्के लोकांनी आठवी दुरुस्ती काढून टाकली. १९८३ चा आकडा आठवतोय? जवळजवळ तेवढाच, उलट बाजूला. डब्लिनमधल्या एका भिंतीवर सविताचं चित्र काढलं होतं, त्याभोवती लोक चिठ्ठ्या चिकटवत होते. १ जानेवारी २०१९ पासून तिथे १२ आठवड्यांपर्यंत कारण सांगावं लागत नाही. मात्र तीन दिवस थांबावं लागतं. थांबणं पूर्ण गेलेलं नाही.

हे ऐकून आपल्याला थोडा अभिमान वाटू शकतो. आपण तर हे १९७१ मध्येच केलं! खरं आहे. १९६४ मध्ये केंद्राने समिती नेमली. अध्यक्ष महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह. देशात वर्षाला सुमारे ३९ लाख गर्भपात करवून घेतले जात असावेत, असा समितीचा अंदाज होता, आणि त्यातले बरेचसे चोरून, धोकादायक रीतीने. १९७१ चं विधेयक मांडताना सरकारने जे हेतू दिले त्यात एक मार्मिक निरीक्षण आहे. या बायका बहुतांशी विवाहित आहेत, त्यांना काही लपवायचं नाही. म्हणजे कलम ३१२ च्या मागे उभी असलेली ती लपणारी विधवा बाजूला सरली आणि चार-पाच मुलांची आई पुढे आली.

पण या कायद्याचं पहिलं महत्त्वाचं वाक्य वाचा. शाळेत वाक्यातला कर्ता ओळखायला शिकवतात, तसं वाचा. नोंदणीकृत वैद्यकीय व्यवसायी अमुक अटी पाळून गर्भपात करील, तर तो गुन्हेगार ठरणार नाही. कर्ता डॉक्टर. बाईची संमती लागते, पण निर्णय डॉक्टरच्या मताचा. १२ आठवड्यांपर्यंत एक डॉक्टर, २० पर्यंत दोन. साधन निकामी ठरलं हे कारणसुद्धा विवाहित स्त्री किंवा तिच्या पतीपुरतंच लिहिलेलं. कलम ३१२ तसंच राहिलं. इथेही ब्रिटनसारखीच फक्त बगल.

जोवर डॉक्टर 'हो' म्हणतो तोवर हे जाणवत नाही. २००८ मध्ये मुंबईच्या एका दांपत्याला ते जाणवलं. गर्भाच्या हृदयात दोष असल्याचं कळलं तेव्हा २० आठवडे उलटून गेले होते. उच्च न्यायालयाने परवानगी नाकारली, आणि काही दिवसांतच गर्भ आपोआप पडला. त्या खटल्याने वादाला तोंड फुटलं, पण कायदा बदलायला २०२१ उजाडलं. आता ठरावीक गटांतल्या स्त्रियांना २४ आठवड्यांपर्यंत मुभा आहे. गर्भात गंभीर दोष असेल तर वैद्यकीय मंडळाच्या मताने त्यानंतरही. पतीच्या जागी 'जोडीदार' शब्द आला. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रीलाही त्या २४ आठवड्यांच्या नियमात घेतलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये मात्र त्याच न्यायालयात दोन मुलांच्या एका विवाहित आईला आधी परवानगी मिळाली, मग दोन न्यायमूर्तींत मतभेद झाले आणि तीन न्यायमूर्तींनी शेवटी नकार दिला. हे सगळं आठवडाभरात. गरोदरपणात आठवडा म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

एक आक्षेप इथे रास्त आहे. निर्णय पूर्णपणे बाईवर सोपवला तर मुलींचे गर्भ पाडले जाणार नाहीत का? ही भीती महाराष्ट्राइतकी कोणाला ठाऊक असेल? गर्भलिंग तपासणीवर निर्बंध घालणारा देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये इथेच झाला, केंद्राचा १९९४ मध्ये आला. पण तो कायदा तपासणीवर आहे, गर्भपातावर नाही. या दोन गोष्टींची गल्लत झाली की कायदेशीर गर्भपात करणारा डॉक्टरही बिचकतो, कागद वाढवतो, मोठ्या इस्पितळाकडे बोट दाखवतो. तालुक्याच्या गावातल्या बाईला 'पुढे जा' सांगणं हीच तिची इंग्लंडची बोट. आणि मुलगी नको म्हणणारी सासू, नवरा, समाज यांचा हिशोब एकट्या बाईकडून वसूल करणं, हे ताराबाईंनी १८८२ मध्येच खोडून काढलं होतं.

१ जुलै २०२४ ला भारतीय दंडविधान गेलं आणि भारतीय न्याय संहिता आली. गर्भपाताचं कलम ३१२ आता ८८ झालं. आशय जवळपास तोच. आयर्लंडने घटनेतलं कलम काढलं, आपण आकडा बदलला.

तेव्हा यापुढे कुठल्याही देशातल्या नव्या गर्भपात कायद्याची बातमी वाचाल, तेव्हा किती आठवडे एवढंच पाहून थांबू नका. त्या कायद्यात सही कोणाची लागते आणि ती किती दिवसांत मिळते, ते शोधा. गॉलवेच्या त्या वॉर्डात आठवड्यांचा हिशोब कोणी विचारला नव्हता. तिथे प्रश्न तासांचा होता.

आम्ही इथे थांबतो. आता प्रश्न घेऊ.